अलिबागसे गया है क्या?

परदेशात व्हिसावर असताना नोकरी बदलू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी

मुंबईत कोणी बावळटपणा केला की त्याला विचारतात, ‘अलिबागसे आया है क्या?’ हा आमचा अपमान आहे, तो थांबवा, असं म्हणत तालुक्यातलेच एक गृहस्थ हायकोर्टात गेले होते. २०१९ साली कोर्टाने याचिका फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, एवढं मनाला लावून घेऊ नका, असा एकूण सूर होता. मीही लावून घेत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या प्रश्नात अलिबागहून आलेल्याची चौकशी आहे, गेलेल्याची कोणी करत नाही. आणि बावळटपणाला खरा वाव मिळतो तो गेल्यावरच.

मी आखातात सतरा वर्षं काढली. तेवढ्या काळात माझे तीन कफील झाले, म्हणजे दोनदा बदलले. पहिल्या बदलाला चार वर्षं लागली, दुसऱ्याला अकरा दिवस. आता कलेक्टर कचेरीच्या वाटेवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. फॉर्म भरून देतो, फोटो काढतो, आणि नागाव-चौलपासून मुरुडपर्यंतची पोरं व्हॉट्सअॅपवर आलेला करारनामा छापायला आली की तो आधी स्वतः वाचतो. पोरांना हे आवडत नाही. पण दोन वर्षांनी तीच पोरं तिकडून फोन करतात, ‘काका, कंपनी बदलायचीय, कसं करू?’ तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून हे लिहून काढलं. फुकट आहे. झेरॉक्सचे मात्र पानाला दोन रुपये.

पाठ पहिला : कोणाचा रे तू?

आपल्याकडे गल्लीत अनोळखी पोर दिसलं की म्हातारी माणसं नाव विचारत नाहीत. ‘कोणाचा रे तू?’ असं विचारतात. बापाचं नाव कळलं की बाकीची माहिती त्यांच्याकडे असतेच, बऱ्याचदा पोराला असते त्याहून जास्त. आखातातला पोलीसही तुमचं नाव विचारत नाही. तो विचारतो, ‘वेन कफील?’ तुझा कफील कुठाय?

कफील म्हणजे जामीनदार. तुम्ही त्या देशात आहात तोवर तुमचा जामीन त्याने भरलाय, असं समजायचं. इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, त्याच्या नावाला बांधलेला असतो. तेव्हा आपण नोकरी बदलतोय ही समजूत नवशिक्याने आधी डोक्यातून काढावी. नोकरी पुण्यात बदलतात, सकाळी राजीनामा आणि संध्याकाळी मिसळ. इथे तुम्ही बापाचं नाव बदलताय, आणि त्यासाठी सही बापाचीच लागते.

हे समजायला जड जात असेल तर थळ, आक्षी, रेवदंडा, कुठल्याही बंदरावर जाऊन बसा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दिवसांत खलाशाच्या घरात पैसा नसतो. बोटमालक उचल देतो. त्यात पावसाळ्याचं रेशन भरतं, पोरांच्या वह्या येतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की खलाशी हंगामभर त्या बोटीचा. शेजारची बोट जास्त वाटा देते म्हणून मधेच उडी मारायची असेल, तर आधी उचल फेड. कधी नवा मालक जुन्याची उचल फेडून माणूस आपल्या बोटीवर घेतो. आखाती सरकारांनी यालाच कलमं, पोटकलमं आणि वेबसाइट जोडल्या आहेत. आक्षीच्या पोराला मी उचल आणि बोट एवढे दोनच शब्द सांगतो, त्याला सगळं कळतं. पुण्याच्या इंजिनियरला अर्धा तास लागतो.

पाठ दुसरा : बदलीची तयारी मांडव्याच्या जेट्टीवर चढण्याआधी

कफील कसा बदलावा हा विचार माणसाला तिकडे पोचल्यावर सुचतो. तोवर निम्मी उत्तरं आपण मुंबईच्या एजंटकडे सही करून ठेवून आलेले असतो.

दहावीची मार्कशीट शोधा. दहावी पास असाल तर पासपोर्टवर एमिग्रेशन चेकची अट लागत नाही. नसाल तर अठरा देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी लागते. पोरं या परवानगीला शिक्षा समजतात. पण १९८३चा एमिग्रेशन कायदा झाला तो याच माणसासाठी. त्या रस्त्याने गेलात तर तुमचा करार, मालकाचं नाव, पगार सगळं सरकारी संगणकात नोंदलं जातं. पुढे मालक ‘मी याला ओळखत नाही’ म्हणाला तर ती नोंद कामाला येते. सोबत विमा निघतो, दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, आणि त्यात दहा लाखांचं संरक्षण. एवढ्या पैशात अलिबागेत दोन माणसांची सुरमई थाळीसुद्धा येत नाही.

नोंदणीकृत एजंटला घेता येतात ते तीस हजार रुपये, वर जीएसटी. हा आकडा मी दुकानात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलाय. पोरं तो वाचतात, हसतात आणि लाख-सव्वा लाख भरून येतात. पावती तीस हजारांचीच मिळते. उरलेले कुठे गेले विचारलं तर म्हणतात, ‘सर्व्हिस.’ नोकरी बदलण्याच्या कामात हे उरलेले पैसेच सर्वात मोठी अडचण आहेत, हे पुढे येईलच.

आता आझाद व्हिसा. नाव ऐकलं की झेंडावंदन आठवतं. कफील नावापुरता असतो. त्याच्याकडे काम नसतं, दुकान नसतं, कधी कधी तोही नसतो. त्याच्या नावावर तुम्ही जायचं, मिळेल तिथे काम करायचं आणि त्याला दर महिन्याला किंवा वर्षाला ठरलेली रक्कम द्यायची. एजंट म्हणतो, ‘यात पाहिजे तेव्हा काम बदला, कोणाची परवानगी नको.’ खरं आहे. कागदावर नोकरीच नाही तर बदलायला परवानगी कसली? फक्त ज्याच्याकडे राबता तो तुमचा मालक नसतो आणि जो मालक आहे त्याच्याकडे तुम्ही नसता. पकडले गेलात की दोघेही हात वर करतात. अशा दोन पोरांना परत आणायला गावातून वर्गणी काढल्याचं मी पाहिलंय. वर्गणीत एजंटनेही पाचशे रुपये दिले होते, हे त्याच्या चांगुलपणाबद्दल नमूद करतो.

आणि ‘महना’ वाचा. इकाम्यावर तुमचा धंदा लिहिलेला असतो, त्याला अरबीत महना म्हणतात. मी आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन, म्हणजे कहरबाई. १९९६ साली दमामला उतरलो आणि इकामा हातात आला तर त्यावर सब्बाक. मला वाटलं, सब्बाक म्हणजे काहीतरी वरची पोस्ट असेल. सब्बाक म्हणजे प्लंबर. कफीलकडे प्लंबरचा व्हिसा शिल्लक होता, त्यावर त्याने इलेक्ट्रिशियन आणला, इतकंच. चार वर्षं मी वायरी ओढल्या आणि कागदावर नळ दुरुस्त केले. दर शुक्रवारी मात्र कफीलच्या घरून बोलावणं यायचं. घरचा नळ गळतोय, आणि तू सब्बाक ना? अर्ध्या इंचाचा कॉक खोलायचा पाना मी त्याच्या बाथरूममध्ये पहिल्यांदा हातात धरला. हसू नका. नव्या कंपनीला इलेक्ट्रिशियन हवा होता आणि माझा कागद म्हणत होता प्लंबर. कफील बदलण्याआधी मला धंदा बदलावा लागला, आणि तोही असा, की जो मी मुळात करत होतो तोच.

तेव्हा एजंटकडून व्हिसाचा कागद आला की कोणा अरबी वाचणाऱ्याकडून महना वाचून घ्या. कराराच्या तीन प्रती काढा. एक सोबत, एक फोनमध्ये, एक घरी तांदळाच्या डब्यात. कारण मुंबईत सही केलेल्या करारावर एक पगार असतो आणि तिकडे उतरल्यावर पुढे सरकवलेल्या अरबी करारावर दुसरा. मला आठशे रियाल सांगितले होते, हातात सहाशे पडले. माझा तांदळाचा डबा तेव्हा रिकामा होता.

पाठ तिसरा : पासपोर्ट

पासपोर्ट कफीलच्या हातात देऊ नका. तो भारत सरकारच्या मालकीचा असतो, तसं त्यात छापलंय. आखाती देशांचे कायदेही आता तो काढून घेऊ नये असंच म्हणतात.

दिलात? मग पुढचे पाठ नीट वाचा. तो बहुधा मंदूबच्या, म्हणजे कंपनीची सरकारी कागदपत्रं बघणाऱ्या माणसाच्या, टेबलाच्या खालच्या खणात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, रबर लावलेल्या गठ्ठ्यात मधोमध आहे.

पाठ चौथा : आमच्या गावची दोन यशस्वी उदाहरणं

नोकरी बदलण्याचा धडा घ्यायला अलिबागकराने दुबईच्या यूट्यूबवाल्यांकडे जायची गरज नाही. कुलाबा किल्ला समोर उभा आहे. समुद्रात फिरायला कागद लागतो ही गोष्ट इथे तीनशे वर्षं जुनी. कान्होजी आंग्र्यांचा दस्तक नसेल तर व्यापाऱ्याचं गलबत पुढे सरकत नसे. इंग्रज, पोर्तुगीज कुरकुर करत. म्हणजे व्हिसा देणारे आम्ही होतो, घेणारे नंतर झालो.

पण कान्होजींनी स्वतः धनीही बदलला होता, ही गोष्ट शाळेत घाईघाईने उरकतात. ते ताराराणींच्या बाजूला होते. १७१३ साली शाहू महाराजांनी बहिरोपंत पिंगळे पेशव्यांना त्यांच्यावर पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं. मग नवे पेशवे झाले बाळाजी विश्वनाथ. ते समझोता करायला आले आणि कान्होजी शाहूंच्या बाजूला गेले. सरखेलपद, म्हणजे आरमाराचं प्रमुखपद, कायम, किल्ले हातात. नव्या मालकाचा मोठा साहेब खोलीत डांबायचा आणि मग पगाराची बोलणी करायची, ही पद्धत नवशिक्यांनी वापरू नये. त्यातला दुसरा भाग मात्र लक्षात ठेवा. बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनचे. आपल्याच किनाऱ्याचा माणूस मधे पडला म्हणून काम झालं. तुमच्याही खोलीत श्रीवर्धन-म्हसळ्याचा एखादा जुना चाचा असेल, त्याला धरून राहा.

दुसरं उदाहरण माझ्या जास्त आवडीचं. आपली चुंबकीय वेधशाळा. ती पूर्वी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेची ट्राम येणार, तिच्या प्रवाहाने चुंबकाच्या सुया बिघडणार, म्हणून ती अलिबागला हलवायचं ठरलं, आणि १९०४ साली इथे काम सुरू झालं. आता नोंद घ्या. साहेबाने कुलाब्याचं दार लावून कुलूप ठोकलं नाही. १९०६पर्यंत दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवलं. इथले आकडे आणि तिथले आकडे नीट जुळले तेव्हाच कुलाबा सोडलं. मी शंभर पोरांना सांगितलं असेल, नव्या कंपनीचा कागद सिस्टीममध्ये दिसेपर्यंत जुन्या कंपनीच्या साइटवर हेल्मेट घालून हजर राहायचं. व्हॉट्सअॅपवर आलेलं ऑफर लेटर म्हणजे ट्राम येणार अशी बातमी, ट्राम नव्हे.

पाठ पाचवा : मागणी कशी घालावी

हे सगळं नाजूक काम आहे, म्हणून माझी चूक सविस्तर सांगतो.

दीड महिना झाला होता. पगार सहाशेच मिळतोय म्हटल्यावर मी ठरवलं की रिलीज मागायचा. रिलीज म्हणजे कफीलचं ना-हरकत पत्र. खोलीतल्या मुरुडच्या चाचांनी समजावलं, इतक्या लवकर मागू नको. ऐकलं नाही. मग ते म्हणाले, निदान कहवा पिताना फिंजान हलव. मला वाटलं, गंमत करतात.

आईने निघताना पिशवीत पांढऱ्या कांद्याची वेण घातली होती. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२मध्ये जीआय मिळाला. मी गेलो तेव्हा त्याला कोणी विचारत नव्हतं, पण आमच्या घरी पाहुण्याच्या हातात वेण देणं ही मोठी गोष्ट. तीच घेऊन मी कफीलच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, गेलो. त्याने ती उलटसुलट पाहिली, हुंगली, आणि नोकराला सांगून भिंतीवर ससाण्याच्या फोटोला लटकवली. हार समजला बिचारा.

कहवा आला. बिनदांड्याची एवढीशी वाटी, तिलाच फिंजान म्हणतात, तळाला दोन घोट, वेलदोड्याचा वास आणि कडू. वाटी रिकामी झाली की पोऱ्या लगेच भरायचा. आपल्याकडे पाहुण्याने ‘नको, नको’ म्हटलं की वाढणारा थांबतो. मी मराठीत नको म्हणत होतो, तो अरबीत ओतत होता. वाटी बोटांत धरून हलवली की ‘पुरे’ असा अर्थ, एवढंच चाचा सांगत होते. सात वाट्या झाल्या. छातीत धडधड सुरू झाली आणि त्या धडधडीतच मी म्हणालो, ‘कफील, रिलीज?’

तो हसला. म्हणाला, ‘माफी रिलीज.’

मी उठून दोन्ही हात जोडले. खोलीवर येऊन सगळ्यांना सांगितलं, माफ केलं, रिलीज दिला! बिहारी मिस्त्रीने चहा ठेवला. चाचा चटईवर बसले होते, त्यांनी तस्बी खाली ठेवली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. ‘अरे, यांच्या भाषेत माफी म्हणजे नाही. नाही म्हणजे नाहीच.’

तेव्हा नवशिक्यांसाठी तीन शब्द. ‘माफी’ म्हणजे नाही. ‘बुक्रा’ म्हणजे उद्या, पण आज नाही एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा. आणि ‘खल्ली-वल्ली’ म्हणजे सोडून दे, जाऊ दे, गेलं उडत. पहिला शब्द मी सहाव्या आठवड्यात शिकलो, दुसरा पुढची चार वर्षं ऐकला, आणि तिसरा शेवटी कफीलनेच म्हटला, जेव्हा त्याला रोख पैशांची निकड होती. सौदीत कफील बदलायची सरकारी फी पहिल्या बदलाला २००० रियाल, दुसऱ्याला ४०००, तिसऱ्याला ६०००. ती भरायची असते नव्या मालकाने. माझ्या वेळी कोणी भरली, आणि त्यावर कफीलच्या मनाच्या समाधानासाठी किती गेले, हे मी घरी अजून सांगितलेलं नाही. ज्यांना सांगायचं त्यांच्या पाटल्या गेल्या त्यात.

पाठ सहावा : कायदा बदलला आहे, अभिनंदन

आता पोरांना मजलिसमध्ये जावं लागत नाही. बहरीनने २००९मध्येच कफीलच्या मर्जीशिवाय काम बदलायची वाट थोडी उघडली. कतारने २०२०मध्ये ना-हरकत पत्र काढून टाकलं. नोकरी दोन वर्षांपर्यंतची असेल तर एक महिन्याची नोटीस, जास्त असेल तर दोन महिन्यांची. ओमानमध्ये पूर्वी पत्राशिवाय गेलात तर दोन वर्षं परत येता येत नसे. १ जानेवारी २०२१पासून करार पुरा केलेल्याला ते पत्र लागत नाही. अमिरातीत २ फेब्रुवारी २०२२पासून नवा कायदा आहे. प्रोबेशनमध्ये तिथल्याच दुसऱ्या कंपनीत जायचं तर एक महिन्याची नोटीस द्यायची, आणि तुम्हाला आणण्याचा खर्च नव्या मालकाने जुन्याला द्यायचा. उचल फेडून खलाशी घेतात, तेच.

सौदीने आपली योजना १४ मार्च २०२१पासून सुरू केली. पहिल्या मालकाकडे एक वर्ष भरलं की कफीलच्या परवानगीशिवाय बदली. सगळं फोनवर, एका सरकारी ठिकाणी, त्याचं नाव किवा. पोरं ‘किंवा’ म्हणतात. मी दुरुस्त करत नाही, कारण या कामात किंवा फार असतात. तीन महिने सलग पगार दिला नाही किंवा इकाम्याची मुदत संपू दिली, तर वर्ष भरायची वाट न पाहता बदलता येतं. पण घरकामाची बाई, खासगी ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ यांना ही योजना लागूच नव्हती. घरगुती ड्रायव्हर म्हणून गेलेल्या पोराला मी हे सांगतो तेव्हा तो म्हणतो, ‘पण काका, मी तर कंपनीची गाडी चालवतो.’ मग मी त्याला पाठ दुसरा, महना, पुन्हा वाचायला देतो.

आणि काही झालं तरी कामावरून गायब होऊ नका. कफीलने ‘हुरूब’ लावला, म्हणजे पळून गेला असं कळवलं, की तुमच्यावर कायद्याने फरार ठरण्याची वेळ येते. त्यानंतर रिलीज, किवा, चाचा, सगळंच अवघड होऊन बसतं. भांडण असेल तर तिथल्या कामगार कार्यालयात तक्रार करा, आपल्या सरकारच्या मदद पोर्टलवर करा, दूतावासात जा. पण तक्रारीचा नंबर हातात येईपर्यंत खाट सोडू नका.

एवढे कायदे झाले, मग पोरं बदलत का नाहीत? आपल्या पोयनाडजवळच्या चरीला जाऊन विचारा. खोतांविरुद्ध १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने पंचवीस गावच्या कुळांनी जमीन कसायचं बंद केलं, ते १९३९पर्यंत. सहा वर्षांचा नोटीस पिरियड. मला त्यांचं धैर्य मोठं वाटतंच, पण माझा मठ्ठ प्रश्न असा असतो की सहा वर्षं त्यांनी खाल्लं काय? लाकूडफाटा विकला, रानातलं, खाडीतलं मिळेल ते खाल्लं. खोताकडे जमीन होती, पण या माणसांच्या पायाखाली निदान स्वतःचं गाव होतं. रियाधच्या कॅम्पमधल्या पोराच्या पायाखालची फरशी कंपनीची, डोक्यावरचा एसी कंपनीचा, मेसचं कार्ड कंपनीचं. आणि गावात एजंटला दिलेल्या लाखावर व्याज चालू. कफीलने सोडलं तरी सावकार सोडत नाही. मी दुकानात आलेल्या पोराला आधी विचारतो, कर्ज किती उरलंय? कायदा नंतर.

पुरवणी : अमेरिकावाल्यांसाठी

किहीमच्या बंगल्यातल्या एका आजी परवा नातवाच्या पासपोर्टच्या झेरॉक्सला आल्या होत्या. नातू सिएटलला. माझे हे पाठ वाचून म्हणाल्या, ‘आमच्याकडे कसला कफील, तो एच-वन-बीवर आहे.’ मी म्हटलं, ‘नोकरी गेली तर किती दिवस राहता येतं त्याला?’ त्या म्हणाल्या, ‘साठ.’ बरोबर, २०१७पासून साठ दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात नवा मालक मिळाला आणि त्याने अर्ज दाखल केला की त्याच्याकडे काम सुरू करता येतं, निकालाची वाट पाहावी लागत नाही. ही सोय २००० सालच्या कायद्याची. चांगली सोय आहे. पण त्या साठ दिवसांत सिएटललाही विचारतात ते एकच, कोणाचा रे तू? फक्त तिथे विचारणारा कहवा देत नाही.

आजींनी पावती मागितली नाही, पण नातवाचा फोन नंबर लिहून ठेवायला सांगितला.

पाठ सातवा : घरी काय सांगावं

नवा इकामा हातात येईपर्यंत काहीही सांगू नये. मांडव्याहून गेट वेला कॅटामरानला तास लागतो. नोकरी सोडल्याची बातमी वरसोलीहून आक्षीला त्याआधी पोचते, आणि पोचेपर्यंत ‘काढून टाकलं’ अशी झालेली असते.

प्रात्यक्षिक

माझा भाचा रियाधला एसीचं काम करतो. गेल्या वर्षी रात्री अडीचला त्याचा फोन आला.

‘मामा, नव्या कंपनीने किवावर रिक्वेस्ट टाकलीय. हो म्हणायचं बटण आलंय. दाबू?’

‘पगार?’

‘सातशे रियाल जास्त.’

‘एक वर्ष झालं?’

‘चौदा महिने.’

‘कर्ज?’

तो गप्प बसला. मग म्हणाला, ‘चाळीस हजार राहिलंय.’

‘राहायची खोली?’

‘नवी कंपनी देणार आहे. एक तारखेपासून.’

‘आणि जुनी कधी काढणार?’

हे त्याने विचारलेलंच नव्हतं. मी म्हटलं, विचार, मग दाब. त्याने आधी दाबलं. जुन्या कंपनीने कायदा पाळला, काहीही गैर केलं नाही. फक्त सत्तावीस तारखेला मेसचं कार्ड बंद झालं आणि खाटेवर नेपाळहून आलेला नवा पोरगा सामान घेऊन उभा राहिला. पुढच्या चार रात्री भाचा म्हसळ्याच्या पोरांच्या खोलीत दोन खाटांमधल्या फटीत झोपला. त्याच्याकडे आईने दिलेली सुकट होती, त्यांच्याकडे भात होता. चौथ्या रात्री सुकट संपली आणि दुसऱ्या दिवशी नवी खोली मिळाली.

पंधरा दिवसांनी त्याने नव्या इकाम्याचा फोटो पाठवला, सोबत नाचणारी चार चित्रं. मी चष्मा लावून फोटो मोठा केला. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, कंपनी बरोबर. मग महना वाचला. सब्बाक.

मी फोन लावला. तो म्हणाला, ‘पाहिलंस मामा?’

मी म्हटलं, ‘पाहिलं. कॉक अर्ध्या इंचाचे असतात. पाना लहान घे.’